वेंकूआत्याच्या भरणीचा तळ

भरणीचा तळ बघायला मिळावा म्हणून भुवना महिनाभर वेंकूआत्याकडे खेटे घालत होती, आणि महिनाभर तिला भरणीचं पोटच तेवढं दिसत होतं.

पोट देखणं होतं, त्यात वाद नाही. काकवीसारखा गडद तपकिरी रंग, आखूड मान, खांद्यावर दोरी ओवायला चार कान, आणि वरून ओघळता ओघळता मध्येच थिजून बसलेली झिलई. वेंकूआत्या म्हणजे भुवनाच्या नवऱ्याची, प्रणवेशची, आत्या. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीतच एक खळगा केलेला, त्यात ही भरणी गुडघाभर रुतून बसलेली असायची. आत खारवलेलं नार्तंगाय, म्हणजे महाळुंगाच्या जातीचं ते मोठं, जाड सालीचं आंबट लिंबू. घरात कुणाचं पोट बिघडलं, तोंडाची चव गेली, बाळंतीण जेवेनाशी झाली, की दहीभाताबरोबर त्याची काळी पडलेली फोड यायची. लेकीच्या, शांभवीच्या, वेळी भुवनाला महिनाभर तेवढंच गोड लागलं होतं.

"राजाच्या वेळची आहे," असं सगळं घर सांगायचं. लग्नाकार्यात भेटलेले लांबचे लोकही सांगायचे. कुठला राजा, ते ज्याच्या त्याच्या मनावर.

भुवनाचं शिक्षणच हे. जुनी भांडी बघून ती कुठल्या मातीची, कुठल्या भट्टीची, किती जुनी ते सांगायचं. बडोद्याला शिकली, चेन्नईला एका संग्रहालयात काम केलं, मग लग्न, मग तंजावूर, मग शांभवी. शांभवी झाल्यापासून जुनी भांडी कुणी तिला दाखवायला आणली नव्हती. आणली ती कडेला टवका गेलेली चहाची कपबशी, चिकटवून दे म्हणून. आणि मग अचानक श्रीकरचा फोन आला. चेन्नईचा जुना सहकारी, मूळचा तंजावूरचाच, पण घराणं कधीच मैलापुरात जाऊन बसलेलं. समुद्रावरून आलेल्या भांड्यांचं प्रदर्शन भरवतोय म्हणाला. तुमच्या आत्याची ती भरणी हवी. तिची टीप तू लिही. ती नीट जमली तर कावेरीकाठच्या गावांतल्या घराघरांतून ज्या भरण्या आहेत त्या सगळ्यांची नोंद करायची आहे, ते काम तुझं.

ते शेवटचं वाक्य भुवनानं मनात इतक्या वेळा घोळवलं की ते गुळगुळीत झालं.

आता, भांड्याचं वय सांगणारा माणूस भांड्याचं तोंड बघत नाही. तोंड सगळ्यांना दाखवायलाच केलेलं असतं. झिलई नक्कल करता येते, कान नक्कल करता येतात, ओघळसुद्धा मुद्दाम काढता येतात. तळाकडे मात्र कुंभाराचं लक्ष नसतं. तिथं झिलई नसते, उघडी माती असते. तिचा रंग, तिचा खरखरीतपणा, भट्टीत चिकटलेली वाळू, चाकावरून दोऱ्यानं कापताना उठलेले वळसे, हे सगळं तळाला असतं. आणि आतून हात फिरवला तर कुंभाराच्या बोटांच्या वळ्या लागतात. तळ आणि पोटाची आतली बाजू, एवढं मिळालं की बोलता येतं. न बघता बोलायचं नसतं.

आणि भुवना न बघता बोलून बसली होती. श्रीकरला तिनं पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो पाठवले, आणि खाली लिहिलं, 'दक्षिण चीन, अठरावं शतक, बहुधा.' तो 'बहुधा' चेन्नईला पोचेपर्यंत कुठंतरी गळला. निमंत्रणपत्रिकेवर भरणीचा फोटो आला, खाली शतक आलं. आता श्रीकर रोज विचारत होता, तळाचा फोटो कुठाय? शुक्रवारपर्यंत हवा.

"तळ?" वेंकूआत्या पहिल्यांदा म्हणाली होती. "तळ काय बघायचा गे त्यात? घरी आलेल्या पाहुण्याला उलटा करून बघतं का कुणी?"

"आत्या, माझं कामच ते आहे."

"सरि, बघ की. पण ते नार्तंगाय संपू दे."

"कधी संपेल?"

वेंकूआत्या तिच्याकडे बघतच राहिली. "संपेल? अय्यो, असं बोलू नक्को गे."

ते संपतच नव्हतं. संपू द्यायचंच नव्हतं. भुवनाच्या आईकडे दह्याचं विरजण असंच होतं, थोडं मागं ठेवायचंच, कितीही पाहुणे येवोत. पण ते भुवनाला तेव्हा आठवलं नाही, ती तळाच्या मागं लागली होती. पुढच्या खेपेला गेली तर फोडी ताटांतून गच्चीवर उन्हात होत्या, पण अर्ध्याच, आणि भरणी हलवायची नाही म्हणे, रस ढवळला जातो. त्याच्या पुढच्या खेपेला शांभवीला सर्दी, नाक गळतंय, आणि वेंकूआत्यानं उंबऱ्यातूनच परत पाठवलं. त्याच्या पुढं अमावास्या. एकदा तर भुवना दातांच्या डॉक्टरचा तो छोटा आरसा घेऊन गेली, खळग्यात घालून बघावं म्हणून. आरसा शांभवीनं चोखला.

"तुमचा तळ म्हणजे काय मंत्र्याची भेट आहे का?" प्रणवेश जेवताना म्हणाला.

"तू एकदा बोलून बघ ना आत्यांशी."

"मी? तिनं मला लहानपणी त्या भरणीपाशी उभं राहिलो म्हणून बाहेर काढलंय. पायमोजे घातले होते मी."

भुवना हसली नाही. ताटातला भात शांभवीच्या तोंडात, शांभवीच्या तोंडातला भुवनाच्या पदरावर, आणि मोबाइलवर श्रीकरचं प्रश्नचिन्ह. नुसतं प्रश्नचिन्ह.

गुरुवारी सकाळी वेंकूआत्याचाच फोन आला. तिरुवैयारुहून नवी फळं आली आहेत. आज जुनं काढून नवं आत घालायचं, जुनं वर. भरणी रिकामी होईल. यायचं तर ये. पण मडीत.

मडी, म्हणजे सोवळं. आत्याच्या घरी आंघोळ करायची, आत्यानं वेगळं वाळवलेलं लुगडं नेसायचं, मग कशाला शिवायचं नाही. प्रणवेश बँकेच्या कामाला कुंभकोणमला गेलेला. शेजारची जयलक्ष्मी नेमकी माहेरी. भुवनानं शांभवीला काखेत मारलं आणि निघाली.

"हे काय आहे पिशवीत?" वेंकूआत्यानं विचारलं.

"माप घ्यायचं. लोखंडाचं आहे."

"धातू आहे ना, धुऊन घे. चालेल. आणि तो?"

"फोन. फोटो काढायला."

"तो नक्को. तो तुझ्याबरोबर कुठंकुठं जातो मला माहीत आहे."

"आत्या, फोटोशिवाय…"

"भरणी रिकामी झाली की अंगणात ने, काय हवं ते कर. रिकामी झाल्यावर काय, नुसती माती. आत नार्तंगाय आहे तोवर माझं ऐक."

भुवनानं आंघोळ केली, ओलसर, कडक लुगडं कसंबसं नेसली. शांभवीला बाहेरच्या खोलीत चटईवर बसवलं होतं, पुढ्यात चमचे आणि वाटी. भुवनानं आणि आत्यानं दगडी चट्टी, म्हणजे ते पसरट भांडं, ओढून जवळ घेतली, आत्यानं भरणीच्या तोंडावरचं फडकं सोडलं आणि मोठ्या पळीनं काढायला सुरुवात केली. आंबट, खारट, जुनाट असा वास घरभर झाला. पहिल्या काही पळ्या होतात न होतात तोच बाहेरून सूर लागला.

"रडू दे थोडं," आत्या म्हणाली.

शांभवी थोडं रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं वाटी फेकली, चमचा फेकला, मग रांगत उंबऱ्यापाशी आली आणि आईकडे दोन्ही हात पसरून असं रडली की भुवनाचं अंगच तिकडे ओढलं गेलं.

"आत्या, घेते मी तिला."

"झबलं घातलंय तिनं."

"मग काय करू? रडू देऊ?"

"अग्गे, झबलं काढ म्हणते मी. ते खालचं प्लॅस्टिकपण. उघड्या लेकराला मडी नसते. कापडाला असते."

"पण मी शिवले तर…"

वेंकूआत्या पळी ठेवून उठली, स्वतःच पोरीला उचललं, भराभर उघडं केलं आणि भुवनाच्या कडेवर दिलं. म्हणाली, "मी परत आंघोळ करून येते. तू हात लावू नक्को कशाला."

भुवना त्या कोपऱ्यात जेमतेम उपसायला घेतलेल्या भरणीपाशी उभी, आणि शांभवी कशी उबदार, गुळगुळीत, आईच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत. भुवनानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यापुरतं आपलं काम, आपला तळ, श्रीकरची पत्रिका, सगळं जरा लांब गेलं. आणि मग लुगडं ऊन ऊन ओलं झालं.

आत्या आंघोळ करून आली, तिनं बघितलं.

"झालं?"

"झालं."

"आता तू जा परत."

भुवनानं दुसरी आंघोळ केली. डोक्यावर पाणी ओतताना तिला इतका राग आला होता की कुणावर ते ठरवता येईना. आत्यावर? पोरीवर? बडोद्यात तिच्या वर्गातली हरिता आता कुठंतरी परदेशात भांड्यांना हातमोजे घालून हात लावते, आणि ही इथं एका भांड्यासाठी एका सकाळीत दोनदा न्हाते. तांब्या भिंतीवर आपटावा असं वाटलं. आपटला नाही, भांडी आपटायची सवय त्या शिक्षणानं मोडली होती.

शेवटी भरणी रिकामी झाली. चट्टी काठोकाठ भरली. आत्या म्हणाली, आता आतून पुसायचंय, हात घाल तू, तुझा हात बारीक आहे.

भुवनानं हात घातला.

आणि बोटांना काहीच लागलं नाही. वळ्या नव्हत्या. आतली भिंत गुळगुळीत होती, स्टीलच्या डब्यासारखी. पोटाच्या मध्यावर आडवी एक बारीक उठलेली रेघ लागली, गोल फिरत जाणारी, जिथं साच्यातले वरचा आणि खालचा असे दोन अर्धे जोडले होते. तिनं पुन्हा फिरवला हात. रेघ तिथंच होती. साचा. कारखाना.

दोघींनी मिळून भरणी उचलून अंगणात नेली, गोणपाटावर आडवी केली. तळ पांढुरका, सपाट, बारीक दळलेल्या मातीचा, कुठं वाळूचा कण नाही. वेलूरच्या बाजूला गेल्या शतकात निघालेल्या कारखान्यांत असल्या चिनी धाटणीच्या भरण्या करायचे, चार कान लावून. फार तर तिथली.

अठरावं शतक. पत्रिकेवर छापलेलं.

"आत्या," भुवना म्हणाली. "ही राजाच्या वेळची नाही."

वेंकूआत्या लुगड्याला हात पुसत होती. "ही कुठं गे राजाच्या वेळची? ही आमच्या सासूबाईंनी घेतली. मी या घरात आले त्याच्या आदल्या वर्षी. त्यांनी मला नवीन म्हणून दाखवलेली."

मागून रांगत आलेल्या शांभवीला भुवनानं उचलून कडेवर घेतलं.

"मग तुम्ही सगळे सांगता ते काय? राजाच्या वेळची, राजाच्या वेळची!"

आत्यानं हनुवटीनं आत, दगडी चट्टीकडे दाखवलं. "ते."

"लोणचं?"

"मग? भरणी म्हणजे आत भरलेलं ते. मडक्याला कोण विचारतं? मडकी फुटतात. आतलं पहिलं लोणचं राजवाड्यातून आलं. नवं घालायचं, जुनं थोडं ठेवायचं. ते कधी संपलं नाही."

"मी महिनाभर येतेय आत्या! एकदा तरी सांगायचं ना, की भांडं बदललं म्हणून!"

"तू विचारलंस कुठं? तू आली की म्हणणार तळ दाखवा, तळ दाखवा. मी म्हटलं तळात काहीतरी असेल तुमच्या शिक्षणाचं."

ही चूक कुठल्या पुस्तकात सापडली नसती. परक्या माणसानं पहिल्या दिवशीच विचारलं असतं, भरणी फुटली होती का कधी. भुवनाला विचारावंसं वाटलं नाही, कारण ती घरची. घरच्यांचं सांगणं, माहेरचं काय नि सासरचं काय, नुसतं ऐकायचं ही तिची लहानपणापासूनची सवय, आणि ऐकलेलं तपासायचं असतं हे ती दुसऱ्यांच्या भांड्यांपुरतं शिकली होती.

"आधीची काय झाली?" तिनं विचारलं, जवळजवळ सवयीनं.

"माकडानं पाडली. गच्चीवर ऊन द्यायला नेली होती, तेव्हा भरणीसकट नेत. तेव्हापासून फक्त फोडी जातात वर."

"तुकडे?"

"तुकडे कोण ठेवतं घरात? गेले. लोणचं तेवढं सासूबाईंनी खालून भरून घेतलं, ते बुडाच्या तुकड्यात राहिलेलं. तो तुकडा मात्र चांगला राहिला, बशीसारखा. तो आहे ना. त्यात पाणी घालते मी. मुंग्या चढत नाहीत मग."

"कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? खळग्यात. भरणी त्यातच बसते."

भुवना पोरीला काखेत घेऊन आत धावली. मडी मोडली का राहिली ते कुणी बघितलं नाही. रिकाम्या खळग्यात एक खोलगट गोल होतं, त्यात पाणी, पाण्यावर मेलेल्या दोन मुंग्या. तिनं पाणी ओतलं, ते गोल उचललं. जड होतं. काठ ओबडधोबड, तुटल्या जागी घासून बोथट झालेला. तिनं ते उलटं केलं.

करडी, खरखरीत माती, मधूनच तांबूस. कडेला भट्टीतली वाळू चिकटलेली, बोटाला टोचणारी. मध्ये दोऱ्याचे वळसे, एकावर एक, कुणीतरी घाईनं कापून पुढच्या भांड्याला लागलं होतं. बाहेरून झिलई खाली येता येता थांबून जाड थेंब झाली होती, आणि तो थेंब ओला केला की आत हिरवट झाक दिसत होती. आतल्या बाजूनं वळ्या. बोट ठेवलं तर बोट बसत होतं.

तिनं कितीतरी वेळ ते हातात धरून ठेवलं. शांभवीनंही एक हात त्यावर ठेवला, आणि मग चाटायला गेली.

अंगणात येऊन भुवनानं भरभर फोटो काढले आणि श्रीकरला फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे पत्रिकेवर आहे ती भरणी चुकीची," तो म्हणाला.

"भरणी बरोबर आहे. शतक चुकीचं आहे. जुना आहे तो तळाचा तुकडा. अठरावं असू शकेल, थोडं आधीचंही. दक्षिण चीन, बहुधा. माती तपासल्याशिवाय…"

"परत बहुधा!"

"तेव्हाही मी बहुधा लिहिलं होतं."

"भुवना, पत्रिकेवर 'बहुधा' छापत नाहीत. हे बघ. एक करू. भरणीच ठेवू, आणि खाली लिहू, 'परंपरेनुसार अठरावं शतक.' यात खोटं काय? तुझी आत्याच म्हणते ना? आणि मग सोमवारपासून तू कावेरीच्या डेल्टाचं काम सुरू कर. गाडी पाठवतो."

गाडी. सोमवार. भुवनाच्या डोळ्यांपुढं कालव्याकडेचा रस्ता आला, मांडीवर शांभवी, घराघरांतून भरण्या. एक शब्द लिहायचा, 'परंपरेनुसार'. आणि खरंच, त्यात खोटं काय? कुणी हरकत घेणार नव्हतं. पण ती पाटी वाचून उद्या शिकणारी कुणी मुलगी त्या साच्यातल्या भरणीचा रंग, कान, ओघळ डोळ्यांत साठवेल, आणि पुढं आयुष्यभर दुसऱ्या भरण्या त्यावरून ओळखेल.

"आत्या भांड्याबद्दल असं म्हणत नाही," ती म्हणाली. "लोणच्याबद्दल म्हणते."

"मग काय लोणचं काचेच्या पेटीत ठेवू?"

"तळ ठेवा."

"फुटका तुकडा बघायला कोण येणार चेन्नईत?"

"मी येईन."

श्रीकर हसला नाही. "तू टीप पाठव," तो म्हणाला. "बाकीचं बघू. डेल्टाचं सध्या थांबवू या आपण." आणि फोन ठेवला.

भुवनानं फोन गोणपाटावर ठेवला. शांभवीला मात्र अंगण फार आवडलं होतं. ती उघडीबंब, भरणीच्या पोटावर दोन्ही तळव्यांनी थापा मारत होती.

वेंकूआत्या दारात उभी होती. "काय म्हणाला?"

"थांबवू म्हणाला."

"तुला की तुकड्याला?"

"दोघांना."

"बरं झालं. तुकडा मी दिला नसता. मुंग्यांना काय सांगू मग?" आणि आत वळत, "चट्टीत फार वेळ राहायला नक्को ते. तुझं माप घ्यायचं असेल तर घे. मी भात चढवते, तोवर."

भुवनानं माप घेतलं. उंची, काठ, तळाचा व्यास, झिलईच्या थेंबाची जाडी. एका हातानं शांभवीला धरायचं, एका हातानं लोखंडी माप, त्यामुळं प्रत्येक आकडा पुन्हा बघावा लागत होता. तिनं एकाऐवजी दोन टिपा लिहिल्या. एक भरणीची: साच्यातली, विसावं शतक, तमिळ प्रदेश. दुसरी तळाची. तिच्यात 'बहुधा' दोनदा आला, आणि दोन्हीदा तिनं तो पुसला नाही. पाठवल्या. श्रीकरनं वाचल्याच्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

स्वयंपाकघरात आत्यानं तळ पुन्हा खळग्यात बसवला होता, तांब्यानं त्यात पाणी ओतत होती.

"तिरुवैयारुला कामाक्षीकडं आहे असलीच," ती पाठमोरीच म्हणाली. "फळं तिच्याच झाडाची. राजाची म्हणते तीपण."

"आत्या, काम गेलं ते."

"ऐकलं मी. भरणी कुठं गेली? आहे तिथं."

भुवना शांभवीला झबलं घालायला गेली, तर पोरगी बाहीत हात घालू देईना. "कामाक्षींना विचारून ठेवा," भुवना अखेर म्हणाली, "फुटली होती का कधी."

"तूच विचार गे. मला त्यातलं काय कळतं?" वेंकूआत्यानं तांब्या बाजूला ठेवला. "ते झबलं राहू दे आता, पोरीला तशीच बसव त्या दाराशी. आणि आंघोळ कर. भरणी दोघींनी उचलावी लागेल."

"परत?"

"मग? फोन धरलास ना."